टेबलावरची बोट आणि कॅप्टनसाहेबांचा राऊंड

आमच्या घरी सात महिने कुणी टेबलावर जेवलं नाही. टेबल आहे. सहा खुर्च्यांचं, जाड काचेचं, आखातातल्या फरीज बिन ओमरान वस्तीच्या या फ्लॅटमध्ये आल्या आल्या मामीनं हट्टानं घेतलेलं. पण त्यावर मामूंची बोट उभी होती, आणि आम्ही तिघं खाली पेपर पसरून, गुडघ्याला गुडघा लावून सालन-भात खात होतो. मामी रोज जेवताना वर बघून विचारायची, "बोट कधी सुटणार?" मामू घास न थांबवता म्हणायचे, "कार्गो बाकी हाय."

मामू म्हणजे माझ्या आईचे भाऊ. आमच्या खाडीकाठच्या गावातून बोटीवर गेले, खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. आता ते इथं एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळतात. बोल्ट मोजून देतात, पण चालतात अजून असे, की खालची जमीन कधीही कलेल. मी त्यांच्याकडे राहतो. दिवसभर एका कंत्राटदाराच्या ऑफिसात ड्रॉइंगांवर नंबर टाकतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या नकला करतो. हे दुसरं काम मी तालुक्याच्या शाळेत शिकलो. हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्ख्या शाळेला मधल्या सुट्टीआधीच सोडलं होतं. त्याचे वळ गेले, कला राहिली.

मामूंची बोट अडीच फुटांची होती. मालवाहू, चार क्रेनची. खरी बोट कधीच भंगारात गेली, त्यामुळे ही आठवणीतून आणि तीन फोटोंवरून. बॉडी त्यांनी दुकानांच्या पाट्या बनवतात त्या प्लास्टिकच्या तुकड्यांतून एकट्यानं उभी केली. पण बारीक काम आलं आणि मामू अडकले. समुद्रात दूरवर ठिपक्याएवढं जहाज दिसलं तरी ते कुठल्या जातीचं ते सांगतील, पण नाकासमोरच्या सुईचं भोक त्यांना दिसत नाही. म्हणून चिमटा माझ्या हातात आला आणि हुकूम त्यांच्याकडे राहिला.

रेलिंग टाचण्यांचं, त्यात ओवलेला काळा दोरा. शिड्या कंगव्याच्या. मामीची चहाची गाळणी एक दिवस नाहीशी झाली आणि इंजिनरूमच्या वरची जाळी तयार झाली. तिच्या तुटलेल्या कानातल्याचा नांगर झाला. मामीनं दुसऱ्या कानातलं उशीखाली ठेवायला सुरुवात केली.

मग दोरखंड. शिवायचा दोरा चहाच्या पाण्यात बुडवायचा, सुकवायचा आणि त्याची वेटोळी करून डेकवर मांडायची. एकेक वेटोळं मसुरीच्या डाळीएवढं. मी तीन संध्याकाळी बसून वीस केली. मामूंनी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. मी ती उलटी गुंडाळली होती. बोटीवरचा दोर घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायचा असतो, नाहीतर सोडताना पीळ पडतो आणि माणसाचा पाय जातो. मी म्हटलं, मामू, या बोटीवर माणूसच नाही, पाय कुणाचा जाणार? ते म्हणाले, "साब बघतील." झालं. वीसच्या वीस उकलली, परत सुलटी गुंडाळली.

हे साब म्हणजे कॅप्टनसाहेब. पुण्याचे. मामूंनी नऊ वर्षं याच बोटीवर त्यांच्या हाताखाली काढली. दर रविवारी अकरा वाजता साहेब बोटीचा राऊंड घ्यायचे. पुढं साहेब, मागं दोन पावलांवर वही-पेन्सिल घेऊन मामू. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. आणि दर रविवारी कुठंतरी थांबून, बोटानं दाखवून साहेब म्हणायचे, "सारंग, हे काय?" नऊ वर्षांत एक रविवार कोरा गेला नाही.

गेल्या वर्षी मामू हायपरमार्केटात मासे घ्यायला उभे होते. पुढच्या गृहस्थांनी हामूरचा कल्ला उचलून आत बघितलं आणि विक्रेत्याला विचारलं, हे काय? मामू सांगतात, त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. ते साहेबच होते. द पर्लच्या बेटावर मुलीकडे राहत होते. मुलीची नोकरी आता परत पुण्याला जाणार होती, उन्हाळ्यात सगळं घर कंटेनरमध्ये भरून निघणार होतं. त्या दिवशी मामू घरी आले ते मासे न घेताच. टेबलावरची फुलदाणी उचलून खाली ठेवली आणि काचेवर मार्करनं एक लांब रेघ मारली.

"जास्त काय नाय मांगत," ते म्हणाले होते. "साबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं आणि बोलायचं, ओके सारंग. खलास."

म्हणजे सात महिने आमचं जेवण जमिनीवर होतं ते या दोन शब्दांसाठी.

मामूंची प्रॅक्टिस व्हावी म्हणून दर शुक्रवारी जुम्म्यानंतर मी कॅप्टन व्हायचो. साहेबांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण मामू सांगायचे त्यावरून मी सात फुटी, ढगासारखा गरजणारा माणूस तयार केला होता. हात मागं बांधून टेबलाभोवती फिरायचो, नाकातून श्वास सोडायचो आणि खर्जात म्हणायचो, "सारंग, हे काय?" मामूंना माहीत असायचं की हा आपला भाचा आहे, लुंगी-बनियनमध्ये आहे, आणि त्याच्या हनुवटीला सालन लागलंय. तरी त्यांचा हात पेन्सिलीकडे जायचा.

गंजाची गोष्ट माझ्यामुळे झाली, कबूल. मॉडेलवाल्यांचे व्हिडिओ बघून बघून मला अक्कल आली होती. सगळे सांगत होते, खरी बोट वाटायला हवी तर गंजाचे ओघळ हवेत. एका शुक्रवारी मामू मशिदीत गेले असताना मी तपकिरी रंग पातळ करून नांगराखाली, पाणी जायच्या भोकांखाली, क्रेनच्या पायाशी असे सुंदर ओघळ काढले. बोट अशी दिसायला लागली, की आत्ताच चार समुद्र पार करून आलीय. मला माझाच अभिमान वाटला.

मामू आले, टोपी काढली आणि उभेच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "माझ्या बोटीवर गंज?" जिंदगीभर ज्या माणसानं हातोडी घेऊन गंज झाडला, त्याच्या ताटात मी गंज आणून वाढला होता.

त्यांनी मला जुना टूथब्रश आणि सॅंडपेपर दिला. गंज तू आणलास, तूच काढ. आधी खरवडायचं, मग धुवायचं, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. मी म्हटलं, प्लास्टिकला कशाला प्रायमर? मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप ब्रश बुडवला. पूर्ण शनिवार गेला. मामी येता-जाता विचारत होती, "नवीन खलाशी भरती केलान वाटतं."

त्याच सुमाराला मामूंनी लुंगीची गोष्ट सांगितली. कधी कधी बोट अशी चकाचक असायची, की साहेबांना पुढपासून मागपर्यंत काहीच मिळायचं नाही. पण नेमकं अशा रविवारी अगदी मागच्या रेलिंगवर एक चौकड्याची लुंगी वाळत असायची. बाहेरच्या रेलिंगवर कपडे घालायचे नाहीत, हा साहेबांचा नियम. मग साहेब विचारायचे, ही लुंगी कुणाची? मामू म्हणायचे, सुकली की काढतो साब. साहेब म्हणायचे, आत्ता काढ. वहीत नोंद व्हायची आणि राऊंड संपायचा.

मी तीनदा विचारलं, पण कुणाची होती? बावीस माणसं होती, कुणाची कुणाला ठाऊक, एवढंच मामू म्हणाले.

आता माझ्यासारख्या माणसाला असली गोष्ट सांगायची असते का? मी टिश्यू पेपरचा एक पदर सोडवला, बॉलपेननं निळ्या चौकटी काढल्या, करंगळीच्या नखाएवढी लुंगी कापली आणि पातळ गमात बुडवून तिला चुण्या पाडल्या. पुढच्या शुक्रवारी मागच्या रेलिंगवर टाकली आणि गरजलो, "सारंग, ही लुंगी कुणाची?" मामी हसून हसून भिंतीला टेकली. मामू हसले नाहीत. डोळे बारीक करून त्यांनी चिमट्यानं ती उचलली आणि आपल्या चष्म्याच्या केसमध्ये ठेवली. म्हणाले, "या वेळंला तरी नाय. या वेळंला सगळा साफ पायजे."

शेवटी एका शनिवारी बोट निघाली. मामूंनी साहेबांना अकराचीच वेळ दिली होती, राऊंड अकराला असतो म्हणून. मी मागच्या सीटवर बोट मांडीवर घेऊन बसलो. दोऱ्यांना वारा लागू नये म्हणून मामूंनी गाडीचा एसी बंद ठेवला. जूनचा महिना. द पर्लचा पूल येईपर्यंत मी स्वतः सुकट झालो होतो. पुढं मामी सांदणांचा डबा घेऊन बसली होती आणि मधूनमधून विचारत होती, "मालाला घाम तर नाय ना आला?"

दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागेल अशा एका म्हाताऱ्या माणसानं. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि घरातही पॉलिश केलेले बूट. आवाज इतका मऊ, की या बसा म्हणाले तेही नीट ऐकू आलं नाही. मी मामूंकडे बघितलं, यांना घाबरत होतात? पण मामू ताठ उभे होते. शर्टाच्या खिशात वही आणि पेन्सिल.

बोट त्यांच्या टेबलावर ठेवली.  साहेबांनी भिंग घेतलं, पुढच्या टोकाशी गेले, आणि राऊंड सुरू झाला. पुढं साहेब, मागं दोन पावलांवर मामू, एका जेवणाच्या टेबलाभोवती. साहेब वेटोळ्यांपाशी थांबले, वाकून दोऱ्याची दिशा बघितली, मान हलवली. माझ्या सगळ्या संध्याकाळी वसूल झाल्या. जाळी बघितली. नांगर बघितला, तेव्हा मामीनं कानाला हात लावला. मागच्या रेलिंगपर्यंत गेले. तिथं जरा जास्त थांबले. मग पुन्हा पुढून सुरुवात केली. मग तिसऱ्यांदा.

"ओके, सारंग," साहेब म्हणाले.

मी मामूंकडे बघितलं. मला वाटलं, आता ईदचा चांद दिसेल. पण मामू साहेबांकडेच बघत होते. साहेब खुर्चीत बसले होते, भिंग मांडीवर. सगळं ठीक आहे, असं परत एकदा म्हणाले, रक्ताचा रिपोर्ट वाचून म्हणतात तसं. मुलीला विचारलं, पॅकर्सचा फोन आला का. मामीनं सांदणं पुढं केली, तर म्हणाले, नंतर, आत्ता इच्छा नाही. आणि चष्मा पुसायला कापड आणतो म्हणून आत गेले. मुलगीही चहा आणायला वळली.

मामूंनी झटकन खिशातून चष्म्याची केस काढली. बारीक काम माझं, म्हणून ती आणि चिमटा माझ्या हातात दिला. "लाव," ते कुजबुजले. "मागं. जल्दी."

मी म्हटलं, आता? ओके मिळालाय ना.

"साबांना कायतरी गावलं पायजे रे. नाय गावला तर दुपारचा जेवण जात नसं त्यांना. उगाच घालायचो काय मी?"

 मामी म्हणाली, "म्हणजे तुमचीच होती." मामूंनी तिला हातानं गप्प केलं. मी चिमट्यानं लुंगी रेलिंगवर टाकली आणि श्वास आवरून मागं सरलो.

साहेब कापड घेऊन आले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. जाता जाता सवयीनं बोटीच्या मागच्या टोकाकडे नजर टाकली आणि थांबले. वाकले.

"सारंग, ही लुंगी कुणाची?"

आईशपथ सांगतो, तो आवाज मी दर शुक्रवारी काढायचो तसाच होता. इतका खर्जातला, की आतून मुलगी कप तसाच हातात धरून बाहेर आली.

"सुकली की काढतो साब," मामू म्हणाले.

"सुकली की?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "नऊ वर्षं बघितली मी ती लुंगी. एकदाही ओली नव्हती."

 काळा रापलेला माणूस लाजतो तेव्हा कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि ती नक्कल मला अजून जमलेली नाही.

मग मामूंनी चिमटा उचलला. काढू का, विचारलं. साहेब म्हणाले, खबरदार, हात लावायचा नाही. कंटेनरमध्ये हलून पडेल, चिकटवून टाका. मग ते काम माझ्याकडे आलं. मी टाचणीच्या टोकावर गमाचा थेंब घेतला, जीभ दातांत धरून लुंगीखाली लावला आणि फुंकर घातली. साहेबांनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं.

"वाकडी लागली," ते म्हणाले.

मामूंनी खिशातून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहून घेतलं. मग साहेबांनी सांदणांचा डबा आपल्याकडे ओढला.