जास्तीची नळी

त्याचं नाव वेगळं होतं, पण दुकानात येणारे सगळे त्याला रेडिओ म्हणत. कात्री हातात आली की तोंड सुरू. गिऱ्हाईक खुर्चीतून उठेपर्यंत बंद व्हायचं नाव नाही. दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा थोरल्या बहिणीनं आपली एक दिली. "लहानपणी माझं सगळं ढापायचास, आता हेही ने," एवढंच ती म्हणाली.

ती किडनी टिकवायच्या औषधांनी बोटं थरथरायला लागली. त्यानं वस्तरा ठेवून दिला, दाढ्या बंद केल्या, नुसते केस कापू लागला. गोळी मात्र एकही चुकवली नाही. दर तपासणीला संशोधन करणारी डॉक्टरीण त्याच्याकडून एक नळी रक्त जास्त घ्यायची. "शरीर परका अवयव नाकारायला लागलं, तर ते रक्तातल्या खुणांवरून आधीच ओळखता येतं का, ते बघतोय," तिनं समजावलं होतं. रेडिओ ऐटीत बाही वर सारायचा. "घ्या, घ्या! ताईच्या किडनीवर आता डबल पहारा." ती हसायची. आपल्या लेकीचे केसही ती त्याच्याकडेच कापून घ्यायची.

मग एका सकाळी त्याचे पाय सुजले. नेहमीच्या तपासणीचे आकडे बिघडलेले निघाले. दवाखान्यात ठेवलं, सुया झाल्या, सलाइनी झाल्या, पण किडनी हातची गेली. पुन्हा डायलिसिस मागे लागलं.

काही महिन्यांनी तो मशीनशेजारी पडला असताना डॉक्टरीण आली. चेहरा नुसता फुललेला.

"अभ्यास संपला. चाचणी खरी ठरली! तुमच्या रक्तात तर पाय सुजायच्या कितीतरी आठवडे आधी खुणा वाढल्या होत्या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

ती अडखळली. "आकडे दिसत होते. पण चाचणी भरवशाची आहे की नाही, तेच ठरायचं होतं. तोवर कुणाला सांगायचं नाही, असा नियम होता. तसं लिहिलेल्या कागदावर तुम्ही सही केली होती."

"सही केली हो. मला वाटलं, पहारेकरी चोर दिसल्यावर ओरडतो."

तिनं हातातली फाइल मिटली.

"त्याच दिवसांत तुम्ही लेकीला घेऊन दुकानात आला होतात, बाई. मी केस कापत होतो, तुम्ही मागे बसला होतात. आरशात माझ्याकडे बघून हसलात. नियम राहू दे. नुसतं म्हणायचंत, एकदा दाखवून घ्या."

"मला माफ करा," ती म्हणाली. त्यानं मान फिरवली. रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

संध्याकाळी ताई डबा घेऊन आली. वाकताना अजून तिचा हात कुशीवर जायचा. "का रे," तिनं पुन्हा तोच प्रश्न काढला, "आधी कुणालाच काही कळलं नसेल का?"

सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"नाही गं," तो म्हणाला, आणि डब्यात काय आहे ते विचारलं.