पोटाचं केळवण

माझं केळवण दोनदा झालं. पहिलं लग्नाच्या आधी आणि दुसरं पोट कापायच्या आधी. पहिल्या वेळी माझं वजन बासष्ट किलो होतं, दुसऱ्या वेळी एकशे चौतीस. सगळ्यात आधी वाढणारी मात्र दोन्ही वेळा माझी थोरली बहीण अक्काच होती.

मी जळगावला जमीन मोजणी खात्यात आहे. लोकांच्या हद्दी कायम करून देणं हे माझं काम. माझी स्वतःची हद्द मात्र दरवर्षी चारी बाजूंनी सरकत होती आणि त्यावर कोणाची हरकत येत नव्हती. (बायको ज्योती घ्यायची हरकत. मी ती नामंजूर करायचो.) मग एकदा एरंडोलकडे एका बांधाची मोजणी होती. दोन सख्खे भाऊ त्या बांधावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी नकाशा हातात धरून ऐटीत मागे सरकलो आणि पाटाच्या चारीत जाऊन बसलो. बसलो तो बसलोच. शेवटी एका भावाने डावा हात धरला, दुसऱ्याने उजवा, आणि अकरा वर्षांत प्रथमच त्या घराने एकदिलाने जोर लावला. मी वर आल्यावर थोरला हात जोडून म्हणाला, "साहेब, मोजनी पुढे व्हई. आधी तुम्हीन डाक्टरले दखाडा."

दाखवलं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, जिना चढताना धाप. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, साखरेनेच पन्नाशीत गेले आणि मला सत्तेचाळिसावं चालू होतं. हे गणित मला मोजणीइतकंच चांगलं येत होतं, म्हणून मी ते कधी करत नव्हतो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

जळगावात केलं तर गावभर होईल म्हणून धुळ्याचे डॉक्टर गाठले. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि मधोमध रेघ मारली. "तीन हिस्से काढून टाकायचे, एक हिस्सा ठेवायचा. राहील ते साधारण केळ्याएवढं."

"आणि काढलेलं?" मी विचारलं. मोजणीवाल्याला पोटहिश्शाचं काय होतं ते कळलंच पाहिजे.

"ते आमच्याकडे. पण त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार. लिव्हर सुजलंय, पोटावर झाकण होऊन बसलंय. ते आकसलं नाही तर मी आत हात घालणार नाही, परत पाठवीन."

आता ही गोष्ट अक्कापासून लपवणं शक्य नव्हतं. आबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा आणि अक्का एकोणीसची. आई सदा आजारी, म्हणून मला हिनेच वाढवलं. आणि वाढवलं म्हणजे खरोखर ताटात वाढून वाढवलं. अक्का भडगावला असते, तिचे यजमान नाना केळी लावतात. मी फोन केला. तिने एकच प्रश्न विचारला, जो डॉक्टरांनाही कोणी विचारला नसेल.

"पोट काढी टाकतस, ते मंग भूक कोठे लागी?"

मागून नानांचा आवाज आला, "केळाएवढं म्हने, पन कोनतं केळं? वरल्या फनीनं का खालल्या फनीनं? त्यानामा लई फरक ऱ्हास."

"अक्का, चौथा हिस्सा ठेवतस," मी म्हणालो.

"म्हंजे तीन हिस्सा जाई ऱ्हायना." ती म्हणाली. "इतला साल तुनी सेवा करी त्यासनी. त्यासले उपाशीच धाडशी का?"

झालं. पुढच्या रविवारी भडगावला पाट मांडला गेला, पाटाभोवती रांगोळी काढली गेली आणि माझ्या पोटाचं पहिलं केळवण झालं. भरिताचे दिवस होते. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाचा तवंग, आणि सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. मी म्हणालो, "अक्का, माले फक्त पातळ सांगेल शे." अक्काने भरितात आणखी पळीभर तेल सोडलं आणि म्हणाली, "ले, व्हई गयं पातळ." नानांनी टॉवेल-टोपी दिली आणि एक शर्टही दिला, तो चाळीस मापाचा. माझं एक मनगट त्यात बसलं. "पुढे व्हई," नाना म्हणाले. नाना आशावादी आहेत.

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. उलट मनाला समजावलं की एका जेवणाने काय होतंय. पण केळवण एक झालं की ते दिसतं सगळ्यांना. अक्काने केलं म्हणून मामेभावाने केलं, त्याने केलं म्हणून चुलतीने. धुळ्याला सासूबाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या की जावयाचं पोट चाललंय आणि आम्हाला बातमी नाही. त्यांच्याकडे बासुंदी होती. बासुंदी पातळ असते, हे मी स्वतःच ज्योतीला नियम वाचून दाखवावा तसं दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. चौदा दिवसांत पाच केळवणं झाली.

भरती व्हायच्या दिवशी आम्ही दोन जीपगाड्या घेऊन धुळ्याला पोचलो. बारा माणसं. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. काटा एकशे अडतीसवर थांबला. त्यांनी मला उतरवलं, काटा तपासला, मग त्यावर स्वतः उभे राहिले, उतरले, आणि मला पुन्हा चढवलं. एकशे अडतीस. सोनोग्राफी केली तर लिव्हर जागचं हललं नव्हतं, उलट जरा जास्तच पसरलं होतं.

"दोन आठवडे काय घेतलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

मी ज्योतीकडे बघितलं. ज्योतीने अक्काकडे बघितलं. अक्का पुढे झाली आणि अभिमानाने म्हणाली, "डाक्टरसाहेब, पाच केळवनं झायात."

"कोणाचं लग्न आहे?"

"लगीन नही. पोटनं केळवन."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि अक्काला एकटीला आत ठेवलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली ती पदर तोंडाला लावूनच. ऑपरेशन रद्द झालं होतं. तीन आठवड्यांनी, नऊ किलो कमी करून यायचं होतं. पुन्हा असं झालं तर दुसरे डॉक्टर बघा, असंही त्यांनी सांगितलं होतं. बारा माणसं, दोन जीपगाड्या आणि टोपी घातलेला मी, मुलीकडच्यांनी परत पाठवलेल्या वरातीसारखे जळगावकडे निघालो.

पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा अक्का हळूच म्हणाली, "आबा बी आसंच म्हनेत, माले काही व्हत नही." मग बशी खाली ठेवून, "मीच तुले मारी ऱ्हायनी व्हती का रे, भाऊ?"

मी म्हणालो, "नही, तसं काही नही." चूक तिची नव्हती. प्रत्येक पाटावर बसलो होतो मी, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा पुरी मागितली होती तीही मीच.

त्या संध्याकाळी अक्का भडगावला गेलीच नाही. ती पिशवी घेऊन आमच्याकडेच उतरली आणि म्हणाली, आता तीन आठवडे हा माझ्या ताब्यात. मला वाटलं, सुटलो, बहिणीची माया आहे. दुसऱ्या दिवशी फ्रिजला साखळी होती. लोणच्याची बरणी शेजाऱ्यांकडे मुक्कामाला गेली. सकाळी ताक, दुपारी डाळीचं पाणी, संध्याकाळी भाज्यांचं पाणी, मध्ये डॉक्टरांनी दिलेली पावडर. सगळं एकाच वाटीने, आणि वाटी अक्काच्या पदराला बांधलेली. (ज्योतीने वीस वर्षांत जे जमवलं नव्हतं ते अक्काने एका रात्रीत जमवलं. ज्योती तिच्या पाया पडली.)

मी म्हणालो, बाहेर मोजणीला गेल्यावर तर मोकळा आहे. मोजणीला गेलं की शेतकरी चहा आणतात, केळी आणतात, आग्रह करतात. अक्का म्हणाली, "मीबी येस." आणि आली. छत्री घेऊन बांधावर बसायची आणि चहाचा ट्रे माझ्याकडे यायला लागला की लांबूनच हात आडवा करायची. दोन दिवसांत गावोगाव बातमी पसरली की वरून मोठ्या मॅडम आल्यात, फार कडक आहेत, साहेबांना पाणीसुद्धा विचारून प्यावं लागतं. लोक वाद घेऊन थेट तिच्याकडे जायला लागले. एका ठिकाणी तिने दोन चुलतभावांना असं झापलं की ते मोजणीचा अर्जच मागे घेऊन गेले. मी मोजणीची साखळी गुंडाळून जीपमध्ये बसलो.

पण काटा उतरत होता. रोज सकाळी अक्का काट्यासमोर वाकून आकडा बघायची आणि तिला आकडे नीट वाचता येत नसल्यामुळे मला तो मोठ्याने सांगायला लावायची. खोटं बोलण्याची सोय नव्हती, कारण मागे ज्योती उभी असायची. तीन आठवड्यांत साडेनऊ किलो गेले.

या वेळी धुळ्याला आम्ही चारच जण. नानांनी पिशवीतून एक केळं काढलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. सबंध बागेतून निवडून आणलेलं, वीतभर लांबीचं. "डाक्टरसाहेब, ठेवनं शे ते एवढं ठेवा. पोऱ्या खानारा मानूस शे." डॉक्टरांनी ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "काका, एवढ्यात तर दोन पेशंट होतील."

ऑपरेशन झालं. मी गुंगीत होतो, पुढचं ज्योतीने सांगितलेलं. डॉक्टर बाहेर आले आणि आपल्याकडे दाखवतात तसं त्यांनी काढलेलं पोट ट्रेमध्ये आणून दाखवलं. नाना दोन पावलं मागे गेले. अक्का मात्र पुढे झाली. वाकून तिने ते नीट बघितलं, या बाजूने, त्या बाजूने, आणि विचारलं, "मनी इतला सालनी मेहनत यानामाच गई का?"

मग तिने ट्रेला नमस्कार केला. डॉक्टरही हात जोडून उभे राहिले, त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

मला शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा आठवला तो अक्काचा प्रश्न. भूक कुठे लागते? मला खरोखरच उत्सुकता होती. मी पडल्या पडल्या वाट बघत होतो. औषधाच्या झाकणाने पाणी मिळायचं, एक घोट, मग बराच वेळ काही नाही, आणि तो घोटही आत जाऊन दार वाजवल्यासारखा थांबायचा. पण भूक येईना. तिसऱ्या दिवशीही नाही, आठव्या दिवशीही नाही. मात्र दुपारचा दीड वाजला की उजवा हात आपोआप उशीजवळ चाचपायला लागायचा. तिथे डबा नसायचा. हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "हाताचं ऑपरेशन मी करत नाही."

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. एकाने विचारलं, बटण दाबलं की पोट परत मोठं होतं का. एकीने माझा ढेकर ऐकायला मागितला. शेजारचे निवृत्त हेडमास्तर रोज यायचे आणि कंबरेभोवती सुतळी घालून मोजमाप वहीत लिहायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची मोजणी केल्याचं फळ असावं. ताटातलं माझं उरलेलं अन्न ज्योती टाकवत नाही म्हणून खायची आणि तिचं वजन पाच किलोंनी वाढलं, हे मात्र कोणी वहीत लिहिलं नाही.

महिनाभराने अक्काने माझ्यासाठी बिनतेलाचं भरीत केलं, मऊ घोटून. चौथ्या चमच्याला मी म्हणालो, "पुरे, अक्का. भरी गयं." तिने माझ्याकडे बघितलं. सत्तेचाळीस वर्षांत हा शब्द तिने माझ्या तोंडून खरेपणाने कधी ऐकला नव्हता. तिने वाटी उचलली, आत गेली, आणि तिथे ती रडली, असं ज्योती म्हणाली. साखर तोवर निम्म्यावर आली होती.

आता मी ब्याण्णव किलोंचा आहे. नानांचा शर्ट बसतो. दिवाळीनंतर अक्काच्या नातवाचं जावळ होतं, भडगावला मोठी पंगत बसली. किती वर्षांनी मी खाली मांडी घालून बसलो होतो, त्याचाच आनंद एवढा की भाजी कोणती होती ते आठवत नाही. अक्का पुऱ्यांची परात घेऊन आग्रह करत येत होती. "आजून एक ले. माले वाईट लागी. ले ना." एकेक जण हात जोडत होता, ताट झाकत होता, आणि ती ऐकत नव्हती. ती माझ्या जवळ आल्याचं मला आवाजावरून कळलं. मी तयारीत होतो. दोन्ही हात ताटावर आडवे धरले, मान खाली घातली आणि चांगल्या खणखणीत आवाजात सुरू केलं, "नको, नको, अक्का, खरंच नको, जागाच नही, तुनी शपथ."

शेजारच्या म्हाताऱ्याने मला कोपराने हलवलं. "साहेब, कोनले नही म्हनी ऱ्हायनात?"

मी वर बघितलं. अक्का मला न विचारताच पुढे गेली होती, चार पानं पलीकडे कोणाच्या तरी ताटात पुरी टाकत होती. तिने अगदी बरोबर केलं होतं. डॉक्टर असते तर त्यांनी तिची पाठ थोपटली असती. आणि मी, ज्याने याच आग्रहापासून वाचायला पोटाचे तीन हिस्से काढून दिले, तो सबंध पंगतीदेखत ओरडलो, "अक्का, वाढू नको, पन आग्रह तरी कर!"