इतरांस दोन पैसे

तिकीटखिडकीत बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक खिडकीशी येतात, भांडतात, घासाघीस करतात आणि जाताना काहीतरी विसरून जातात. कुणी छत्री, कुणी किस्सा! छत्र्या मी ज्याच्या त्याला परत केल्या, किस्से माझ्याकडेच राहिले. मंडळी म्हणतात, "मास्तर, बंदरावरचं सांगा काहीतरी, जरा हसवा." सांगतो बापडा. हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आमचं बंदर बाणकोटच्या खाडीत, हरिहरेश्वराहून बरंच आत. मुंबईची मोठी आगबोट बाणकोटला उभी राहायची. तिथून उतारूंना घेऊन वाफेच्या छोट्या लाँची खाडीतून वर दासगावापर्यंत जायच्या. आगबोट आणि लाँची चालवणाऱ्या कंपन्या दोन. त्यांची छापील नावं गावात कुणी घेतली नाहीत. एकीचं धुराडं लाल, दुसरीचं पिवळं, म्हणून लाल कंपनी आणि पिवळी कंपनी. मी लालचा तिकीटमास्तर. पिवळ्याचा तिकीटमास्तर सखाराम, शाळेत माझ्याच बाकावर बसलेला, आता समोर दहा पावलांवरच्या झोपडीत.

भरती असली तर लाँच थेट धक्क्याला लागे. ओहोटीला मात्र मधे सगळा गाळ. मग लाँच खाडीत उभी राहायची आणि उतारूंना पडावातून, म्हणजे सपाट बुडाच्या होडीतून, आणावं लागायचं. आमचा पडाव धर्मा तांडेलाकडे, पिवळ्याचा इस्माईलभाईकडे. पडाव गाळात टेकला की पुढची वीस पावलं धर्मा उतारूला पाठुंगळीला घेऊन कोरड्यात आणून सोडायचा. माझ्या खिडकीवर पाटी होती : 'आमच्या उतारूंस पडाव मोफत. इतरांस दोन पैसे.'

धर्माची बायको गेलेली. एकुलता एक पोरगा पांडू मुंबईला गिरणीत. तीन वर्षं घरी आला नव्हता. खोकल्यानं धरलेला, खाडे फार, खाड्याचा पगार कापलेला. येणार कशानं? दोन कंपन्यांची चढाओढ लागली आणि बारा आण्यांचं तिकीट आठ आण्यांवर आलं, त्या दिवशी धर्मा खिडकीशी आला.

"मास्तर, एक कार्ड लिवा. म्हनावं, भाडं उतारलंय, ये आता."

मी लिहिलं. उत्तर आलं, 'आणखी उतरंल तवा येतो.'

* * *

आमच्या गावात नाना वैद्य म्हणून एक गृहस्थ होते. पै पैची चौकशी केल्याशिवाय पाऊल न उचलणारे! भाच्याच्या लग्नाला मुंबईला जायचं, म्हणून चार दिवस आधीपासून माझी खिडकी आणि सखारामची झोपडी यांमधे त्यांच्या येरझाऱ्या.

"तुमचं भाडं आठ आणे, त्याचं सात. पण तुमचा पडाव फुकट, आणि तो पडावाचे निराळे घेतो. चहा कोण देतं?"

"आम्ही देतो, नाना."

"दुधाचा?"

"दुधाचा."

"तो म्हणतो, तो बसायला चटई देतो. तुम्ही?"

चौथ्या दिवशी नानांचा निकाल लागला. लाल कंपनीच बरी! पैसे काढून त्यांनी ऐटीत विचारलं, "आजची लाँच किती वाजता?"

"नाना, लग्न कधी आहे?"

नानांनी बोटं मोजली. मग पैसे परत कनवटीला लावले. "लागलं असेल एव्हाना," म्हणाले, आणि घरी गेले.

* * *

मग निघाली फुकट वस्तूंची टूम. पिवळ्यांनी प्रत्येक तिकिटामागे एक हातरुमाल द्यायला सुरुवात केली. आमची कंपनी का मागे राहील? आमच्याकडून ऑर्डर निघाली, मुंबईच्या उतारूला आगबोटीवर जेवण मोफत!

जेवण झकास होतं, खोटं बोलणार नाही. भात, वरण, तळलेली सुरमई. पण ते वाढत कधी? बाणकोटची खाडी मागे पडून आगबोट उघड्या समुद्रात शिरली की! तिथं लाटा अशा, की पानावर बसलेला माणूस पानावरनं उठून कठड्याकडे धावायचा. शंभर पानं वाढावीत आणि दहा माणसांनी जेवावं. कंपनीनं हे हेरूनच केलं होतं, असं तेव्हा सगळेच म्हणत.

धर्माला कुणीतरी विचारलं, "काय रे, तुझ्या कंपनीचं जेवण कसं असतं?"

"लई ब्येस!" धर्मा म्हणाला. "मासं दुवा देतात."

तिकीट सहा आण्यांवर आलं. मी दुसरं कार्ड लिहिलं. उत्तर दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचं आलं, कारण पांडू अंथरुणाला होता. 'बरा झालो की येतो.'

* * *

बायजा म्हणून एक म्हातारी होती, सुकी मासळी विकायची. रुमालांचं ऐकल्यापासून ती कामाशिवायही बाणकोटला जाऊन यायला लागली. जवळचं तिकीट दीड आणा, वर रुमाल. पंधरा रुमाल जमवले आणि एकाला एक शिवत नातवासाठी गोधडी करायला घेतली.

अर्धी गोधडी झाली आणि पिवळ्यांनी रुमाल बंद केले! खर्च परवडेना.

म्हातारी सखारामकडे न जाता माझ्या खिडकीशी येऊन भांडायला लागली.

"अगं बायजे, रुमाल पिवळ्यांचे. मी काय करू?"

"तुमी भाडं कमी केलंव म्हनून त्यांनी रुमाल बंद केलं!" म्हातारी कडाडली. "आता अर्ध्या गोधडीत पोराचं पाय झाकू का टाळकं झाकू?"

 

* * *

धर्माच्या सासूचा किस्सा तर अजून गावात सांगतात. म्हातारी बाणकोटची. जावई लालच्या पडावावर, आणि ही बया आली पिवळ्याच्या लाँचीनं, एक पैसा स्वस्त म्हणून! त्या दिवशी इस्माईलभाई तापानं पडलेला. ओहोटी. लाँच मधे उभी. धर्मानं पडाव नेला, सासूला उतरवून घेतलं, पाठुंगळीला मारली, कोरड्यात आणून उभी केली आणि हात पुढे केला.

"दोन पैसं."

"मुडद्या! सासूकडनं पैसं घेतोस?"

"सासू घरात. हितं तू पिवळ्याची उतारू. पाटी वाच."

"मला वाचाय येतंय व्हय?"

"मग मास्तर वाचतील. मास्तर, फाडा पावती!"

मी हसत हसत पावती फाडली. म्हातारीनं शिव्या देत कमरेची पिशवी सोडली. सगळं बंदर पोट धरधरून हसलं. सखारामही हसला, पण तोंड फिरवून. कारण तेव्हा आमच्या हसण्यावरही ऑर्डर निघाली होती.

* * *

ती ऑर्डर अशी : दुसऱ्या कंपनीच्या नोकराशी बोलायचं नाही. बोलताना दिसल्यास नोकरी बंद.

सखाराम आणि मी पंधरा वर्षं एका बशीतला चहा अर्धा अर्धा प्यायलेली माणसं. आता दहा पावलांवर समोरासमोर बसून कुत्र्याशी बोलायचो. मी कुत्र्याला म्हणायचो, "काय रे, आज बुकिंग कसं काय?" तिकडून सखाराम कुत्र्याला सांगायचा, "सहा तिकिटं गेली हो वाघ्या!" कुत्रं बिचारं दोघांकडे बघायचं.

एक दिवस सखारामची झोपडी उघडलीच नाही. दुपारी धर्मा निरोप घेऊन आला. सखारामची आई गेली.

त्या माउलीच्या हातची तांदळाची भाकरी खाऊन मी वाढलो. मी धर्माला म्हणालो, "त्याला सांग, मी येतो."

धर्मा परत आला. "त्ये म्हनतात, नको येऊ, तुजी नोकरी जाईल."

माणसानं 'नको' म्हटलं म्हणून थांबायचं नसतं, हे मला कळत होतं. लोक तिला माझ्या खिडकीसमोरून घेऊन गेले. मी आत उभा राहून हात जोडले. लाज वाटली, आजही वाटते. पण खिडकी सोडली नाही.

सखाराम तेराव्यानंतर कामावर आला. कुत्र्याशी बोलणं त्यानं बंद केलं होतं.

* * *

तिकीट चार आण्यांवर आलं. तिसरं कार्ड. या वेळी मी साहेबांना अर्जही केला, की पडाववाल्याच्या आजारी मुलाला मुंबईहून येण्याचा पास मिळावा. साहेब म्हणजे आमच्या लाल कंपनीचा मुंबईचा तपासनीस, सोन्याच्या घड्याळाचा. उत्तर आलं, पास नोकरास मिळतो, नोकराच्या मुलास नाही. मी धर्माला वाचून दाखवलं.

"बराबर हाय," धर्मा म्हणाला. "नियम म्हंजी नियम."

आणि त्याच महिन्यात पिवळ्यांनी तोफ डागली. तिकीट फुकट! मुंबई ते दासगाव, एक छदाम नको!

सगळा गाव नाचला. नाना वैद्य मात्र चौकशी करून आले आणि माझ्या खिडकीशी टेकले. "तिकीट फुकट खरं. पण इस्माईलला काढून टाकलाय. पडाव नाही! मी विचारलं, ओहोटीला उतरायचं कसं? तर म्हणे ज्याचं त्यानं बघावं. मास्तर, फुकटात चढायला मिळतंय, उतरायला नाही."

आम्ही दोघंही हसलो तेव्हा.

पिवळ्याचे उतारू मग आमच्या पडावाला दोन दोन पैसे देऊन उतरायला लागले. हे साहेबांना कळलं आणि ते स्वतः येऊन बंदरावरच्या कंपनीच्या बंगल्यात उतरले. मला आणि धर्माला उभं करून म्हणाले, "पिवळ्याच्या उतारूला आपला पडाव मिळणार नाही. पैसे दिले तरी नाही. चार माणसं न उतरता तशीच पुढे दासगावला गेली की लोकांना फुकटची किंमत कळेल."

"मास्तर, पाटी उतरवा," असं सांगायचं मात्र ते विसरले.

दुसऱ्या दिवशी पांडूचं कार्ड आलं. 'बाबा, शुक्रवारी येतो. पिवळ्यानं. तिकिटाला काय पडत न्हाय.'

* * *

आता हा शेवटचा.

शुक्रवारी धर्मानं दाढी केली, घर सारवलं, पेज करून झाकून ठेवली. सकाळपासून तो धक्क्यावर. पण लाँचीला उशीर झाला. भरती निघून गेली. दुपारी तीनच्या सुमाराला पिवळं धुराडं दिसलं, तेव्हा धक्क्यासमोर नुसता गाळ होता. गावच्या होड्या मासळीला खाडीच्या तोंडाशी गेलेल्या. पडाव एकच, आमचा.

लाँच मधे थांबली. शिट्टी झाली. कठड्याला टेकून घोंगडी पांघरलेला एकजण बसला होता. त्यानं हात वर केला.

"पांडू!" धर्मा ओरडला. एक पाय त्यानं पडावात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या शेजारी साहेब उभे. हातात घड्याळ.  

सखाराम झोपडीतून धावत बाहेर आला. किती महिन्यांनी तो थेट माझ्याशी बोलला. "दामू! अरे सोड त्याला! पोरगा आहे त्याचा!"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "धर्मा, ऑर्डर आहे."

माझ्याच तोंडानं म्हणालो. साहेबांच्या नव्हे.

लाँच चालवणारा सारंग वरनं ओरडला, "पाणी उतरतंय! थांबलो तर गाळात बसेन! उद्या सकाळी परत येताना उतरवतो त्याला!"

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे," मी धर्माला म्हणालो. धर्मानं पाय पडावातून काढून घेतला. लाँच वळणाआड जाईपर्यंत पांडूचा हात वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच आली. शिट्टी झाली नाही. पांडू डेकवर निजवलेला, घोंगडी तोंडावरून ओढलेली. पहाटे दासगावला प्राण गेला, सारंगानं सांगितलं. पाणी मागितलं होतं म्हणे, आणि बंदर आलं का, असं दोनदा विचारलं होतं.

धर्मानं कुणाला विचारलं नाही. पडाव सोडला. साहेब बंगल्याच्या ओट्यावर चहा पीत होते, त्यांनी मान फिरवली. धर्मानं पांडूला पडावात घेतलं. पडाव गाळात टेकला तेव्हा त्याला पाठुंगळीला घेतलं, जसं सगळ्या उतारूंना घ्यायचा तसंच, आणि वीस पावलं चालत कोरड्यात आणून ठेवलं. सखारामनं आपलं उपरणं त्याच्यावर घातलं.

मग धर्मा माझ्या खिडकीशी आला. गुडघ्यापर्यंत गाळ. कनवटीतून दोन पैसे काढून त्यानं फळीवर ठेवले.

"धर्मा, अरे..." मी म्हणालो.

"पिवळ्याचा उतारू व्हता, मास्तर," तो म्हणाला. "फाडा पावती."

मी पावती फाडून दिली.