गिरमिटावरचे सहा ठिपके

समोरच्या बाईंना शनीच्या चंद्रावर काहीतरी जिवंत सापडलंय आणि त्या ते दाबून बसल्यात, अशी बातमी मंगळवारी जिन्यात फुटली. बुधवारपर्यंत त्या जिवाला पाय फुटले होते. तिसऱ्या मजल्यावर तर शिंगंही. खरं एवढंच, की सापडलं होतं. पण चंद्रावर नव्हे, चंद्रावर जाणाऱ्या गिरमिटावर. आणि ते होतं इथलंच.

बाईंचं कामच उफराटं. सगळं जग तिथे जीव शोधायला निघालंय आणि बाईंना पगार मिळतो तो जीव नाही ना, हे बघण्याचा. तिथला बर्फ पोखरणाऱ्या गिरमिटासोबत इथले जंतू गेले, तर तिथे सापडलेला जीव नेमका कुठला, हे कोणी सांगायचं? म्हणून बाई ओल्या कापसाच्या काडीने त्याचा आटा न् आटा पुसतात, काडीवरचं काचेच्या बशीत घालून तीन दिवस थांबतात. बशीत ठिपके उगवले की ते जंतू. तीन चालतात. चौथा उगवला की गिरमिट सहा दिवस भट्टीत.

या कामापायी, गिरमिटाच्या खोलीत कणही उडू नये म्हणून, बाईंनी एकवीस वर्षं तोंडाला पावडर लावलेली नाही. सासूबाई म्हणतात, "घरी फडकं, तिथे काडी. हिचा जन्म पुसण्यातच गेला."

तर हे गिरमिट शुक्रवारी यानावर चढायचं होतं. हुकलं तर पुढची फेरी पाच वर्षांनी, आणि बाई निवृत्त तीन वर्षांनी. आजवर त्यांच्या हातचं काहीच वर गेलं नव्हतं. आधीच्या दोन मोहिमा कागदावरच विरल्या. म्हणून सोमवारी बशीत ठिपके दिसले तेव्हा बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. सहाच.

संध्याकाळी घरी भांडी आपटली ती चार घरांत ऐकू गेली.

"काय गं, सापडला वाटतं जीव?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडला हो आई, नको तिथे!"

भिंती पातळ. बातमी फुटली ती इथूनच.

बुधवारी बाईंनी गिरमिटाच्या खोलीत कोण कधी गेलं त्याची वही चाळली. सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. मग कॅन्टीनच्या फळ्यावर मोठ्या साहेबांचा फोटो दिसला. मागच्याच आठवड्यातला. शेजारी गिरमिट, मास्क हनुवटीखाली, हसू कानापर्यंत. बाईंचं टाळकंच सटकलं. फोटो उपटून त्या थेट साहेबांच्या खोलीत.

"बरा आलाय ना?" साहेब खूश.

"मास्क कुठंय?"

"अहो, तोंड दिसायला नको? दोनच मिनिटं काढला."

"त्या दोन मिनिटांचे सहा ठिपके आलेत."

साहेबांचं हसू मावळलं. मग आवाजात साखर आली. "बाई, तिथे थंडी केवढी! मरतील हो ते. तीन लिहा. निवृत्तीआधी तुमचंही काहीतरी वर जाईल."

हे मात्र वर्मी लागलं. बाईंनी तपासणीचा कागद पुढे घेतला, पेन उघडलं, टोपण लावलं, परत उघडलं. रकान्यात सहा लिहिलं, खाली 'नापास', आणि सही अशी दाबून केली की कागद फाटायचाच राहिला.

"आता पाच वर्षं थांबायचं?" साहेब ओरडले. "वरच्यांना काय सांगू मी?"

बाई म्हणाल्या, "इतक्या लांब यान पाठवून तुमच्या तोंडातलेच जंतू शोधायचे असतील, तर साहेब, आ करा. मी इथेच काढून देते."