घरापुरतं नाव

शेजारच्या सिंधूकाकूंनी अख्ख्या संसारात नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. काका गेल्यावरही नाही. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असताना त्यांनी गावभरची नावं पुकारून लाइनी जोडल्या. घरात मात्र हाक एकच, "अहो."

मला ते पटत नसे. बायकांनी नवऱ्याला नावाने हाक मारावी, असं पत्रक मी लिहिलं आणि छापायला नेलं काकूंच्याच प्रिंटरवर. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. "छान लिहिलंयस गो. मी काही घ्यायची नाही हो नाव."

काकूंच्या टॅबला प्रिंटर कधी सापडे, कधी नाही. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. आमच्या गावात, भाट्याला, वीज सारखी जाते आणि ती आली की पत्ते बदललेले असत. "नंबरानं कसली हाक मारायची?" काकू वैतागायच्या. "तुझी क्रांती इथंच अडकल्ये." मग मी पत्ते कायमचे बांधले आणि नावं लक्षात ठेवणारा एक छोटा संगणक राउटरशेजारी बसवला. नाव लिहिलं की तो त्या यंत्राचा पत्ता सांगे.

नावं काकूंनी ठेवली. हटून बसणारा प्रिंटर बंड्या, बेड्यावरचा, म्हणजे फाटकावरचा, कॅमेरा राखणदार. उरला काकांचा जुना संगणक. काकांनी माडांच्या बागेत रेकॉर्ड केलेले आवाज त्यात होते. पाखरं, समुद्राची गाज, मध्येच त्यांचं खाकरणं. काकू तिन्हीसांजेला ते ऐकत बसायच्या. त्याचं नाव काय, असं विचारल्यावर त्यांनी टॅब माझ्या हातून घेतला आणि लिहिलं, अहो. मी ते नाव नोंदवलं; त्यांनी पुन्हा लिहिल्यावर काकांचे आवाज समोर उघडले.

"ओ देतात बघ," काकू म्हणाल्या.

पुढे काकूंचा मुलगा मस्कतची नोकरी सोडून ठाण्यात आला. आईने एकटं राहू नये, हे त्याचं बरोबरच होतं. पण सगळे आवाज त्याने कुठल्याशा कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात चढवले आणि जुना संगणक भंगारात द्यायचं ठरवलं. मी भडकले. घरच्या माणसाला हाक मारायला परक्या कंपनीच्या दारात का उभं राहायचं?

काकूंनी मला गप्प केलं. "मी जाते त्याच्याबरोबर. ह्यांना मात्र इथंच राहू दे. ह्यांची बाग इथं आहे." मुलाने ऐकलं. वीज चालू राहिली, किल्ली माझ्याकडे आली.

ठाण्याला पोचल्याच्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. "फोनात लिहून हाक मारली गो. ओ नाही आली."

ते नाव त्या घराच्या वायफायपुरतंच आहे, मी सांगितलं.

"ठाऊक आहे. तरी मारली."

बाहेरूनही जोडता येईल, मी करून देते, असं म्हटलं तर त्या नको म्हणाल्या. "चारचौघांत मी कधी ह्यांना हाक मारली नाही. तू जाऊन बघ जरा."

मी घर उघडलं. ओटीवर टॅब घेऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द लिहिला. गाज आली, माडांचा वारा आला, काका खाकरले. मी फोन जवळ नेला.

"आहेत," मी म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या. "लाइन तोडू नकोस इतक्यात."