खाऱ्या पाण्यासाठी खास

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कुणाशी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तर ते घरी येऊन किडका भाग चिरून टाकायचे, पण परत जायचे नाहीत. एकदा नव्या चपलेचा अंगठा दुसऱ्याच दिवशी तुटला, तर दुकानात न जाता कोपऱ्यावरच्या चांभाराकडून शिवून आणला. आई वैतागून म्हणायची, "अहो, वस्तू बदलून मागायला लाज कसली?" त्यावर अण्णा म्हणायचे, "जाऊ दे. त्याचंही पोट आहे."

म्हणून पुढे जे घडलं त्याचं मला अजूनही नवल वाटतं.

बँकेतली माझी बदली होऊन मी नाशकात परत आले तेव्हा आईचा संधिवात वाढला होता. आमची कॉलनी नाशिकरोडच्या बाजूला, मोकळ्या रानाला लागून. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तिथे असा गारठा पडतो की नळाखाली हात धरवत नाही. आईची बोटं तर थंडीत मिटायचीच नाहीत. कडकडीत पाण्याने अंग शेकल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. घरात विजेचा गिझर होता, पण वापरायला पाणी बोअरचं. त्यातल्या क्षारांनी गिझरची कॉइल सारखी जळायची. एकदा तर नवी कॉइल एक हिवाळाही टिकली नाही. तेव्हा अण्णांनीच ठरवलं की आता गच्चीवर सोलर बसवायचा.

दुकानात आम्ही तिघंही गेलो होतो. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने आईला खुर्ची दिली, चहा मागवला. दुकानात बसवलेल्या नमुन्याचा नळ सोडून वाफाळतं पाणी दाखवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, "आमचं पाणी बोअरचं आहे. फार क्षार आहेत. यात चालेल का?"

"काका, बिनधास्त न्या," मालक म्हणाला. "खाऱ्या पाण्यासाठीच आहे हे. आत तांब्याच्या नळ्या आहेत, मुलं-नातवंडं वापरतील."

पहिला हिवाळा झकास गेला. आई पाहुण्यांना गच्चीवर नेऊन सोलर दाखवायची. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पाणी कोमट यायला लागलं आणि थंडी पडता पडता पार गार झालं. ऊन तर रोज लख्ख पडत होतं. अण्णांनी दुकानात फोन केला, मग पुन्हा केला, मग स्वतः गेले. बऱ्याच खेपांनंतर एक मेकॅनिक आला. त्याने गच्चीवर नळी उघडली. आतून बोटभर जाडीचा पांढरा थर निघाला, खडूसारखा. नळ्या जवळजवळ बुजल्या होत्या.

"पाणी खराब आहे तुमचं," मेकॅनिक म्हणाला. "हे वॉरंटीत बसत नाही. मालकांशी बोला."

त्या वेळी मला वाटलं, आता अण्णा मान हलवतील आणि विषय संपेल. झालंही तसंच. त्यांनी मोठं पातेलं काढलं आणि रोज पहाटे गॅसवर पाणी तापवायला लागले. आईच्या हाताला पातेलं उचलत नसे, म्हणून स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत तेच ते घेऊन जायचे, भिंतीला टेकत टेकत. मी उचलते म्हटलं तरी ऐकायचे नाहीत.

मग आईने रोज अंघोळ करणं सोडलं. आज अंग कसंतरीच वाटतंय, आज उशीर झाला, आज नको, असं काही ना काही सांगायची. खरं काय ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला, अण्णांना मात्र लगेच कळलं. एका सकाळी गरम पातेलं तसंच ओट्यावर ठेवून ते तिच्यासमोर येऊन बसले.

"मला उचलायला लागू नये म्हणून नाही म्हणतेस ना?"

आई आपली वाकडी बोटं पदरात गुंडाळून बसली. अण्णा उठले, सदरा घातला, आणि चहा न घेताच घराबाहेर पडले.

ते दुकानात गेले होते. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. मालकाने या वेळी खुर्ची दिली नाही.

"काका, वॉरंटी कार्ड वाचा. क्षारयुक्त पाण्याने बिघाड झाला तर जबाबदारी नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

"पण मी घ्यायच्या आधी विचारलं होतं."

"कुणाला?"

"तुम्हालाच. इथेच उभं राहून."

"लेखी आहे का काही?" मालक म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अण्णा रस्ता ओलांडून पलीकडे रिक्षाची वाट बघत उभे राहिले. समोर दुकान होतं. दुकानावर मोठा फलक होता, त्यावर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र, आणि खाली पिवळ्या जाड अक्षरांत लिहिलेलं: 'खाऱ्या पाण्यासाठी खास. बोअरच्या पाण्यातही वर्षानुवर्षे गरमागरम.' सोलर घेतल्यापासून त्या रस्त्याने ते कितीतरी वेळा गेले असतील. त्या दिवशी त्यांनी तो फलक पहिल्यांदा नीट वाचला.

मी बँकेत निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात फोन आला. "तुझ्या फोनने फोटो चांगले निघतात ना? लगेच ये." आवाज असा होता की मी स्कूटी काढली आणि विचारत बसले नाही. अण्णांनी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि फलकाचे, दुकानाचे, आजूबाजूच्या दुकानांचे फोटो काढून घेतले. मालक आतून आमच्याकडे बघत होता. अण्णांनी त्याला हात जोडून नमस्कार केला.

त्यांना भांडता येत नव्हतं, पण अर्ज लिहिणं हा त्यांचा हातखंडा होता. सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर त्यांनी फोन करून सगळं विचारून घेतलं. ग्राहक आयोगात तक्रार आपली आपल्याला करता येते, वकील लागत नाही, एवढ्या रकमेच्या तक्रारीला फीसुद्धा नाही, हे त्यांना तिथेच कळलं. आधी दुकानदाराला आणि सोलर बनवणाऱ्या कंपनीला नोटीस दिली. दोघांची उत्तरं आली. दुकानदार म्हणाला, माल कंपनीचा, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, विकताना काय सांगितलं ते दुकानदार जाणे, आणि पाणी तर तुमचंच खराब. अण्णा ती उत्तरं वाचून चक्क खूश झाले. "दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतायत," ते म्हणाले. "म्हणजे माझी चूक आहे असं दोघांनाही मनातून वाटत नाही."

तक्रार त्यांनी हाताने लिहिली, 'सविनय सादर करण्यात येते की' अशा थाटात. मी ती टाईप करून ऑनलाइन भरली. 'सविनय' काढूया का, असं विचारलं तर म्हणाले, "राहू दे. विनय सोडून कुठे जायचं आहे?"

मागच्या गल्लीत एक निवृत्त सिस्टरबाई राहतात. सिव्हिलमध्ये नर्स होत्या, कॉलनीत अजूनही कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की त्यांनाच बोलावतात. त्यांनीही त्याच दुकानातून सोलर घेतला होता आणि नळ्या बुजल्यावर कंटाळून नुसता टाकून दिला होता. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अण्णांनी त्यांच्याजवळ विषय काढला. त्या म्हणाल्या, "मलाही हेच सांगितलं होतं त्याने, अगदी याच शब्दांत. मी लिहून देते. आणि माझीही तक्रार लिहून द्या." त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं, वर आयोगात सोबतही आल्या.

प्रकरण दीड वर्ष चाललं. समोरची बाजू कधी उत्तर द्यायला मुदत मागायची, कधी हजरच राहायची नाही. अण्णा मात्र प्रत्येक तारखेला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वेळेच्या आधी जाऊन बसायचे. ऑफिसला जायचे तेव्हाचा त्यांचा चेहरा परत आला होता. तोवर पातेल्याची जबाबदारी मी त्यांच्याकडून जवळजवळ हिसकावून घेतली होती आणि आईने रोजची अंघोळ पुन्हा सुरू केली होती, कारण अण्णांनी तिला बजावलं होतं, "मी तिकडे तुझ्यासाठी भांडतोय. तू इकडे हार मानायची नाही."

एका तारखेला बाहेर व्हरांड्यात दुकानाचा मालक आमच्याजवळ आला. "काका, कशाला एवढ्या खेपा घालता या वयात? निम्मी रक्कम देतो, तक्रार मागे घ्या."

मला मनातून वाटलं, घ्यावी. अण्णांनी शांतपणे विचारलं, "निम्म्या रकमेत पाणी निम्मं गरम होईल का?" सिस्टरबाईंना हसू आवरेना. मालक गेला.

युक्तिवादाच्या दिवशी मी रजा काढली होती. आईही हट्टाने आली होती, हातमोजे घालून. आयोगाच्या अध्यक्षा मध्यम वयाच्या, चष्मा नाकावर घेऊन कागद वाचणाऱ्या. कंपनीच्या वकिलाने वॉरंटी कार्ड दाखवलं आणि क्षारयुक्त पाण्याची अट वाचली. दुकानदाराच्या वकिलाने, तोंडी आश्वासनाला काही पुरावा नाही, असं सांगितलं. मग अध्यक्षा म्हणाल्या, "तक्रारदार कुठे आहेत? तुम्हाला काही सांगायचंय?"

अण्णा उठले. त्यांनी हातातला कागद बाकावर ठेवून दिला.

"मॅडम, हे कार्ड मला केव्हा मिळालं ते आधी सांगतो," ते म्हणाले. "पैसे भरून झाले, गच्चीवर सोलर बसवून झाला, मग खोक्यातून हे कार्ड निघालं. इंग्रजीत आहे. अक्षर मुंगीएवढं आहे. आणि दुकानाच्या बाहेर मराठीत, हातभर अक्षरांत लिहिलंय की हे खाऱ्या पाण्यासाठी खास आहे. मी माझ्या पाण्याबद्दल काही लपवलं नाही, उलट आधी तेच विचारलं. मी ग्राहक म्हणून कोणतं वाचायचं? दुकानात शिरताना दिसतं ते, की घरी गेल्यावर सापडतं ते?"

अध्यक्षांनी फोटो पुन्हा समोर घेतला आणि दुकानदाराच्या वकिलाला विचारलं, "हा फलक तुमच्या अशिलाच्याच दुकानाचा आहे ना?"

वकील जरा घुटमळला. "मॅडम, तो फलक आता काढलेला आहे."

"म्हणजे होता," अध्यक्षा म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

माझ्या शेजारी आई बसली होती. तिने मोजे घातलेल्या हाताने माझा दंड इतका घट्ट धरला की त्या बोटांत एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा पावसाळा संपत आला होता. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरलं होतं. बोअरच्या पाण्याला चालेल असा दुसऱ्या प्रकारचा सोलर स्वखर्चाने बसवून द्यायचा, त्याची नव्याने वॉरंटी द्यायची, नाहीतर पूर्ण रक्कम व्याजासह परत करायची, असा आदेश होता. मनस्तापाची भरपाई वेगळी. सोलर की पैसे, ते ठरवायचा अधिकार तक्रारदाराला. मी म्हटलं, "पैसे घेऊया, त्या दुकानाचं तोंडही बघायला नको." अण्णा म्हणाले, "पैसे घेतले तर तो सुटेल. त्याने आपल्या गच्चीवर येऊन पाणी तापवून दाखवायचं."

आणि तो आला. माणसं घेऊन स्वतः गच्चीवर उभा राहिला, जुना सोलर उतरवून घेतला, काचेच्या नळ्यांचा नवा बसवून दिला. या नळ्यांत क्षार लवकर अडकत नाहीत, हे त्याने आपणहून समजावून सांगितलं. काही वर्षांनी नळ्या साफ कराव्या लागतील, हेही सांगितलं, आणि तेही अण्णांनी पावतीवर लिहून घेतलं. आईने सगळ्यांना चहा-पोहे दिले. जाताना तो अण्णांना म्हणाला, "काका, आयोगापर्यंत जायची काय गरज होती? मला येऊन सांगायचं ना."

"तुम्हालाच येऊन सांगत होतो," अण्णा म्हणाले. "बसा, अजून एक कप घ्या."

तो बसला आणि त्याने दुसरा कपही घेतला. पुढच्याच आठवड्यात सिस्टरबाईंच्या गच्चीवरही त्याची माणसं चढली. त्यांच्या तक्रारीचा निकाल यायचा होता, पण त्याने तोपर्यंत थांबायची हिंमत केली नाही.

नव्या सोलरच्या पाण्याने पहिली अंघोळ आईने करायची, असं अण्णांनी जाहीर केलं. ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. अण्णा दाराबाहेर येरझारा घालत होते, मग न राहवून त्यांनी विचारलं, "काय झालं? पाणी बरं आहे ना?"

आतून आईचा आवाज आला, "इतकं कढत आहे की गार मिसळावं लागतंय."

अण्णा अंगणात गेले, कुंपणापाशी उभे राहिले, आणि समोरून दुधाची पिशवी घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी थांबवून घेतलं. मग कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगितलं, मग फोन करून चांदवडच्या माझ्या आत्याला. दिवसभर कॉलनीत जो भेटेल त्याला ते हेच सांगत होते, की आमच्याकडे आता गार पाणी मिसळावं लागतं.