उभं राहून दिलेली परीक्षा

आमचं घर म्हणजे जिनिंगच्या भिंतीला टेकलेली पत्र्याची एक खोली. बाबा कापसाच्या गाठी उचलायचे, आई कापूस निवडायची. एकदा जिनिंगमध्ये चोरी झाली आणि दोन पोलीस सरळ आमच्या खोलीत शिरले. झडतीचा कागद नाही, विचारणं नाही. ज्वारीच्या पिठाचा डबा त्यांनी जमिनीवर पालथा केला. सापडलं काहीच नाही. आई वरवरचं पीठ गोळा करत होती आणि बाबा दाराबाहेर हात जोडून उभे होते. मी तेव्हा चौथीत होते.

गेल्या महिन्यात डार्विनहून मेलबर्नला निघाले, तेव्हा विमानात हेच आठवत होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑस्ट्रेलियात, डार्विनला आलो. मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागले आणि शिफ्ट सांभाळत बीए करत राहिले. शेवटचा विषय राहिला होता, अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास आणि राज्यघटना. त्याची तोंडी परीक्षा व्हिडिओवर दिली तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. आता एकच संधी, तीही मेलबर्नला जाऊन, समोरासमोर. ती हुकली की पदवी हुकली.

डार्विनला विमानतळाच्या पार्किंगमधून आत जाईस्तोवर कुर्ता घामाने भिजला होता. मेलबर्नला उतरले तर दात वाजायला लागले. स्वेटर घ्यायचा असतो हेच मी विसरले होते. मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनाला माझी नागपूरची मैत्रीण सुजाता राहते. सगळी नवी घरं एकसारखी, मी शेजारचीच बेल वाजवली. एका पंजाबी काकूंनी हसून बोट दाखवलं, "मराठीवाले? अगला घर, बेटा."

सुजाताने पाटवडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) केला होता. तिची लेक म्हणाली, "मावशी, यू फेल्ड? लाइक, अॅक्चुअली?"

"हो गं बाई, अॅक्चुअली."

"किचनमध्ये तर नुसती बडबडतेस, तिथेच काय होतं तुला?" म्हणत सुजाताने मला तिचा कोट दिला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी आर्वोला (दुपारी) युनिमध्ये परीक्षा. समोर एक बाई, एक गृहस्थ. बाई म्हणाल्या, "नो वरीज. घटनेच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करा."

मी 'वी द पीपल' म्हटलं आणि उठून उभीच राहिले. ताठ, हात बाजूला.

आमच्या विहारात वंदना झाली की सगळे उभं राहून आपल्या राज्यघटनेची उद्देशिका म्हणतात. 'आम्ही भारताचे लोक' म्हणताना कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही. बाबांना वाचता येत नव्हतं, पण ती त्यांना पाठ होती. आता ही घटना कुणाची, ते पायांना काय कळणार!

"आर यू ओके, मेट?" गृहस्थांनी विचारलं.

बसायचीही लाज वाटली. उभ्यानेच विहारातलं सगळं सांगून टाकलं.

"मग राहा उभ्या," बाई हसल्या. "अमेरिकेच्या त्या 'लोकां'त कोण होतं?"

"सगळे नव्हते. गुलामांना धरलंच नव्हतं."

"मग त्या ओळीचा उपयोग काय?"

"बाहेर ठेवलेल्यांनी पुढे तीच ओळ दाखवून हक्क मागितले."

मग सांगितलं, की घटना तयार झाली तरी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, लोकांचे हक्क आधी लिहून द्या. म्हणून पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. त्यातली चौथी मला सगळ्यात जवळची. सबळ कारणाशिवाय सरकारने कुणाच्या घराची झडती घ्यायची नाही. का जवळची, असं विचारल्यावर मी पिठाचा डबा सांगितला. इंग्रजी कसं होतं कुणास ठाऊक, पण थांबले नाही.

परतण्याआधी सुजाताने डँडेनॉन्गला नेलं. तिथल्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ घेतलं. त्या वासासरशी पत्र्याची खोली आठवली, आईची भाकर थापण्याची थपथप, बाबांच्या केसांत अडकलेला कापूस. बाबा आता नाहीत. त्या खोलीत एकदा तरी जेवायला बसावं असं फार वाटलं.

डार्विनला परतल्यावर चौथ्या दिवशी निकाल आला. आईला फोन करून सगळं सांगितलं.

"उभ्यानं काऊन देली परीक्षा? खुर्ची नव्हती का त्यायच्याकडे?"

"होती गं."

आई म्हणाली, "तुया बाप तवा हात जोडून उभा होता. तू हात सोडून उभी राहिली. बरं केलं."

मी बीए झाले. आमच्या घरातली पहिली.